पातळी कुणाची? खेळाडूची की साधनांची?

"तुझी लेव्हल किती?" हा प्रश्न कुडाळच्या कोणत्याही शाळेत मधल्या सुट्टीत ऐकू येतो. विचारणाऱ्याला यत्ता विचारायची नसते. मोबाइलवरच्या खेळात समोरचा मुलगा कोणत्या पातळीवर पोहोचला आहे, त्याच्याजवळ कोणती बंदूक आणि कोणता पोशाख आहे, हे त्याला हवे असते. उत्तरात आलेल्या आकड्यावरून समोरचा 'भारी' ठरतो किंवा 'कच्चा लिंबू' ठरतो. शिक्षकांच्या खोलीत या संभाषणाकडे कपाळाला आठ्या घालूनच पाहिले जाते. मोबाइलमुळे अभ्यासाचे काय होते हा विषय महत्त्वाचा आहेच, पण तो या लेखाचा नव्हे. येथे आपण मुलांचा प्रश्नच जसाच्या तसा घेणार आहोत, कारण त्याच्या पोटात मोजमापाचा एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. एखाद्याने खेळात घातलेले तास आणि जमवलेली साधने यांवरून त्याचे कौशल्य कळते का?

हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. "किती तास अभ्यास करतोस?" आणि "क्लास कोणता लावलास?" असे आपण मुलांना विचारतो, तेव्हा आपणही तास आणि साधने यांवरूनच अंदाज बांधत असतो.

आपल्याकडे असे खेळ घरोघर पोहोचले ते पबजीमुळे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये जवळजवळ तसाच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आला; मुले त्याला बीजीएमआय म्हणतात. साधारण शंभर खेळाडू हवाई छत्रीने एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात, घराघरांत शोधून शस्त्रे आणि चिलखते मिळवतात, एकमेकांना बाद करतात. शेवटी जी तुकडी उरते ती जिंकते. या खेळात प्रत्येकाला तीन प्रकारचे आकडे चिकटलेले असतात. एक खात्याची पातळी; ती खेळत राहिले की वाढते आणि कधीच उतरत नाही. दुसरी दर्जाची पायरी: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या क्रमाने, वर एस आणि कॉन्करर. ही पायरी उतरूही शकते, आणि नवा हंगाम सुरू झाला की खाली आणली जाते. तिसरी साधनांची पातळी. मधल्या सुट्टीत हे तिन्ही आकडे 'लेव्हल' या एकाच शब्दात कालवलेले असतात, आणि घोळाची सुरुवात तेथेच होते.

छापा-काट्याचा खेळाडू

ज्या आकड्याला खाली येणे माहीत नाही, तो आकडा कौशल्याचा असू शकत नाही. हे पटवण्यासाठी वर्गात एक नाणे पुरते.

समजा, एका खेळात जिंकले की १० गुण मिळतात आणि हरले की ५ गुण जातात. आता असा खेळाडू घेऊ, ज्याच्या अंगी कौशल्य मुळीच नाही. तो प्रत्येक डावाला नाणे उडवतो, छापा आला तर जिंकला, काटा आला तर हरला. शंभर डावांत सरासरी ५० वेळा जिंकून तो ५०० गुण मिळवील, ५० वेळा हरून २५० गमावील, म्हणजे २५० गुणांनी वर जाईल. असे दोन खेळाडू घ्या. एक रोज १० डाव खेळतो, दुसरा ४०. तीस दिवसांनी पहिल्याचे सुमारे ७५० गुण होतील, दुसऱ्याचे सुमारे ३०००. दोघांचे कौशल्य अगदी सारखे, म्हणजे शून्य. पातळीत मात्र चौपट फरक. येथे पातळी म्हणजे निव्वळ घड्याळ आहे.

खेळ बनवणाऱ्या कंपन्या असे घड्याळ का बसवतात, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. रोज थोडा तरी वर सरकणारा आकडा माणसाला उद्या पुन्हा यायला लावतो. हप्त्याची भिशी भरणाऱ्याला आपली रक्कम वाढताना पाहून जे समाधान वाटते, तेच येथे विनामूल्य वाटले जाते. आणि ते समाधान लवकर हवे असेल, तर त्यासाठी पैसे घेतले जातात.

मग जिंकल्यावर १० मिळाले आणि हरल्यावर १० गेले, म्हणजे काम झाले का? पुरते नाही. नाणे ४०० वेळा उडवले, तर छापे आणि काटे बरोबर दोनशे-दोनशे क्वचितच येतात. त्यांच्यातला फरक साधारणपणे डावांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका, येथे २० च्या आसपास, असतो. म्हणजे आपला कौशल्यहीन खेळाडू केवळ योगायोगाने २०० गुण वर किंवा २०० गुण खाली असणे अगदी स्वाभाविक आहे. वर गेला तर तो मित्रांना सांगेल. खाली गेला तर गप्प बसेल. त्यामुळे आपल्या कानांवर येणाऱ्या आकड्यांत नशीबवानांची गर्दी असते.

एका भौतिकशास्त्र-शिक्षकाची युक्ती

हरण्या-जिंकण्यातून कौशल्य वेगळे काढण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत बुद्धिबळातून आली. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो (१९०३–१९९२) हे स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी बसवलेली गुणांकनपद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिचे मर्म असे: कोण जिंकले याहून, अपेक्षेपेक्षा काय वेगळे घडले हे महत्त्वाचे.

दोघांच्या गुणांकनात २०० चा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने दर डावामागे सरासरी सुमारे ०.७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते (विजयाला १, बरोबरीला अर्धा). फरक ४०० असेल, तर अपेक्षा ०.९१ होते. आता १६०० चा खेळाडू १४०० च्या खेळाडूशी खेळला असे धरू, आणि फरकाला गुणण्याचा आकडा २० घेऊ. वरचा जिंकला, तर अपेक्षेहून ०.२४ च जास्त मिळाले. त्याचे गुणांकन फक्त ४.८ ने वाढते. हरला तर १५.२ ने घसरते. बरोबरी झाली तरी ५.२ जातातच! आपल्याहून कच्च्या खेळाडूंना हरवत बसून येथे फार वर जाता येत नाही. आकडा जसा खऱ्या कौशल्याच्या वर जाऊ लागतो, तसा तो आपोआप खाली ओढला जातो. रोज चाळीस डाव खेळणाऱ्याला दहा डाव खेळणाऱ्यापेक्षा केवळ जास्त खेळल्याबद्दल काहीही मिळत नाही.

पुढे या पद्धतीत सुधारणा झाल्या. २००० च्या दशकाच्या मध्यास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ऑनलाइन खेळांसाठी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत बनवली. ती प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे ठेवते: कौशल्याचा अंदाज, आणि त्या अंदाजाविषयीची अनिश्चितता. नवखा खेळाडू आला की अनिश्चितता मोठी. जसजसे डाव होतात, तसतशी ती कमी होते. खेळात घातलेल्या वेळेची योग्य जागा येथे सापडते. जास्त डावांमुळे खेळाडूचा दर्जा वाढेलच असे नाही. त्याच्या दर्जाविषयीची आपली खात्री मात्र वाढते.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात झाला. हंपी २००२ मध्येच ग्रँडमास्टर झाल्या होत्या. दिव्याचा जन्म २००५ चा. पटासमोर घातलेल्या वर्षांचीच मोजदाद केली असती, तर सामना खेळायचीच गरज नव्हती. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, आणि जलद डावांत दिव्या जिंकली. मात्र एवढ्या एका सामन्यावरून दोघींतले कोण सरस हे सांगणेही घाईचे होईल. ते सांगायला पुष्कळ डाव लागतात. म्हणूनच एका स्पर्धेचा विजेता आणि गुणांकनातला पहिला हे बहुधा दोन वेगळे लोक असतात.

मग सरावाचे काय?

इतके वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, की तास घालून काही होतच नाही तर! तसे मुळीच नाही. सरावाने कौशल्य वाढते, याला भरपूर पुरावा आहे. २०१४ मध्ये स्टॅफर्ड आणि ड्युअर यांनी 'ॲक्सॉन' नावाच्या एका साध्या ऑनलाइन खेळाच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. जास्त वेळा खेळणाऱ्यांचे गुण वाढत गेले होते. पण त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. सारख्याच संख्येने डाव खेळलेल्यांत, मध्ये विश्रांती घेऊन खेळणारे हे सलग खेळणाऱ्यांपेक्षा पुढे होते. म्हणजे सारखे तास घालूनही फळ सारखे नव्हते.

सराव करणाऱ्या माणसामाणसांत किती फरक असतो, हे गोबे आणि कँपितेल्ली यांनी अर्जेंटिनातील बुद्धिबळपटूंवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. 'मास्टर' दर्जाला पोहोचायला कोणाला सुमारे ३,००० तास पुरले, तर कोणाला २३,००० हून अधिक लागले. 'दहा हजार तास' हा जो मंत्र झाला आहे, तो १९९३ मध्ये एरिकसन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या केलेल्या अभ्यासातल्या सरासरीवरून निघालेला आहे. सरासरीचा नियम करून टाकणे ही लोकप्रिय पुस्तकांची सवय. मूळ संशोधकांना ती मान्य नव्हती.

२०१४ मध्येच मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अशा पुष्कळ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यापैकी किती भागाचा उलगडा हेतुपूर्वक केलेल्या सरावाच्या तासांनी होतो? खेळांमध्ये (बुद्धिबळासारख्या) २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी क्रीडाप्रकारांत १८ टक्के, आणि शिक्षणात ४ टक्के.

शेवटचा आकडा वाचून शिक्षकांच्या पोटात गोळा येईल. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याचा गैरवापर सोपा आहे. तो फरकांविषयी बोलतो, अभ्यासाच्या उपयोगाविषयी नाही. समजा, एका वसतिगृहात सगळी मुले सक्तीने रोज बरोबर चार तास अभ्यास करतात. परीक्षेत त्यांचे गुण कमीजास्त पडतील, पण त्या कमीजास्तपणाचा तासांशी संबंध शून्य टक्के निघेल, कारण तासांत फरकच नाही. म्हणून त्या चार तासांचा उपयोग शून्य झाला असे कोणी म्हणेल का? माशांची पैदास पाण्यावाचून होत नाही. तरी एका तळ्यातला एक मासा मोठा आणि दुसरा लहान का, हे पाण्यावरून सांगता येत नाही.

आणखी एक गुंता आहे. ज्याला खेळ जमतो, त्याला तो आवडतो; आवडतो म्हणून तो अधिक खेळतो. ज्याला जमत नाही, तो आठवड्यात सोडून देतो. म्हणून तास आणि कौशल्य बरोबर दिसले, तरी कोणामुळे काय झाले हे तेवढ्यावरून ठरत नाही.

चिलखताचे गणित

आता साधनांकडे वळू. बीजीएमआयमध्ये चिलखताच्या तीन पातळ्या आहेत. पहिली पातळी गोळीची इजा ३० टक्क्यांनी कमी करते, दुसरी ४० आणि तिसरी ५५ टक्क्यांनी. खेळाडूचे आयुष्य १०० एककांचे असते. समजा, एक गोळी चिलखताविना ५० एकक आयुष्य घेते. म्हणजे चिलखत नसलेला दोन गोळ्यांत बाद. पहिल्या पातळीच्या चिलखतावर त्याच गोळीची इजा ३५, म्हणजे तीन गोळ्या लागतील. दुसऱ्या पातळीवर ३०, म्हणजे चार. तिसऱ्या पातळीवर २२.५, म्हणजे पाच. (चिलखत गोळ्या खाऊन झिजते, ते येथे सोडून देऊ.)

आता क हा नेमबाज घ्या. त्याच्या चार गोळ्यांपैकी एक लागते. ख त्याच्या निम्मा. आठातली एक लागते. पण क उघडा आहे आणि ख ने तिसऱ्या पातळीचे चिलखत घातले आहे. क ला पाच नेम साधायला सरासरी २० गोळ्या झाडाव्या लागतील. ख ला दोनच साधायचे आहेत. त्याला सरासरी १६ पुरतील. दुप्पट कौशल्य असूनही सामना ख कडे झुकलेला आहे! मधल्या सुट्टीत यावर कितीही वाद झाले, तरी निकाल त्रैराशिकाने आधीच लागलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, की चिलखत शोधून मिळवणे हेही कौशल्यच की. बरोबर आहे. बेटावर कोठे उतरावे, कोणते घर आधी झाडावे हे अनुभवी खेळाडू जाणतो. म्हणजे साधन हे काही अंशी कौशल्याचे फळ आहे आणि काही अंशी पुढच्या विजयाचे कारण. पैसे देऊन घेतलेल्या रंगीत पोशाखाचे तसे नाही. तो केवळ पालकांच्या खिशाचे माप आहे.

याहून अबोल साधन म्हणजे खुद्द मोबाइल. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर नवे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, ९० चित्रांच्या पडद्यावर ११.१ मिलिसेकंदांनी. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, त्यापुढे ही पाच-साडेपाच मिलिसेकंदांची बचत किरकोळच. महागड्या पडद्याचे जाहिरातीत होणारे कौतुक आम्हाला त्यामुळे अंमळ जास्तच वाटते. खरा फटका बसतो तो रेंजचा. समजा, खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे. कुडाळ ते मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन ५ मिलिसेकंद. म्हणजे अंतराचा दोष नगण्य आहे. वेळ जातो तो मनोऱ्यावरच्या गर्दीत, कमजोर संदेश पुन्हा पुन्हा पाठवण्यात. बाजारपेठेतल्या मुलाला ४० मिलिसेकंद आणि माणगाव खोऱ्यात डोंगराच्या कुशीत बसलेल्याला १५० लागत असतील, तर त्या दुसऱ्या मुलाचा हात जणू ११० मिलिसेकंदांनी, म्हणजे माणसाच्या प्रतिसादकाळाच्या जवळजवळ निम्म्याने, मंद झाला. पडद्यावर तो 'कच्चा लिंबू' दिसेल. २०२० च्या टाळेबंदीत रेंजसाठी टेकडी चढणारी मुले ज्यांनी पाहिली, त्यांना ऑनलाइन तासाला 'उत्तर उशिरा देणारा' विद्यार्थी आणि हा खेळाडू यांतले साम्य वेगळे सांगायला नको.

मैदानी खेळांनाही साधनांनी असेच गोंधळात टाकले आहे. २००९ मध्ये रोम येथील जलतरणाच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ जागतिक विक्रम मोडले. त्या वर्षी माणसे काही एकाएकी मासे झाली नव्हती. पॉलियुरेथेनचे पोहण्याचे पोशाख आले होते. १ जानेवारी २०१० पासून त्यांवर बंदी आली.

तांडेलाचा वाटा किती?

साधने आणि वेळ बाजूला काढल्यावर कौशल्य म्हणून काही उरते का, हा प्रश्न संशोधकांनी मोबाइलचे खेळ येण्याच्या कितीतरी आधी विचारला होता, आणि तोही मासेमारीविषयी. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्याला तो जवळचा आहे.

आइसलँडमध्ये पूर्वापार समजूत अशी, की कोणत्या होडीला किती मासळी मिळणार हे तांडेलाच्या अंगच्या गुणावर ठरते. चांगल्या तांडेलाला म्हणे मासे स्वप्नात दिसतात. डरेनबर्गर आणि पाल्सन या मानवशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष नोंदी घेऊन पाहिल्या. होडीचा आकार आणि केलेल्या फेऱ्यांची संख्या, म्हणजे नेमके आपले साधन आणि वेळ, हे दोन आकडे लक्षात घेतले, की होडीहोडीतल्या फरकाचा बहुतेक उलगडा होत होता. तांडेलाच्या नावावर घालायला फार थोडे उरत होते. यावर बराच वाद झाला. १९८८ मध्ये आइसलँडच्याच दुसऱ्या संशोधकांनी तांडेलाचा वाटा खरोखर असतो, अशी बाजू मांडली. आम्हाला या वादातली मेख अशी दिसते: मालक मोठी होडी कोणाच्या हाती देतो? चांगल्या तांडेलाच्याच. मग होडीच्या आकाराचा परिणाम वजा करताना तांडेलाच्या कौशल्याचाही काही भाग त्याबरोबर वजा होतो. चिलखत शोधणाऱ्या खेळाडूचाच गुंता हा.

आता मालवणकडे पाहा. रापणीत होडीतून किनाऱ्यालगत अर्धवर्तुळात जाळे टाकतात आणि दोन्ही टोके कितीतरी माणसे मिळून वाळूवरून ओढतात. पाण्याचा रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून बांगड्याचा किंवा तारल्यांचा थवा ओळखणाऱ्या नजरेवर येथे बरेच अवलंबून असते. पर्ससीनचे जाळे थव्याभोवती फिरवून बटव्याच्या नाडीसारखे तळातून आवळतात. थवा शोधायला यंत्र असते. दोघांची मासळी टनांत मोजली, तर पर्ससीनवालाच जिंकणार. त्यावरून रापणकाराला समुद्र कमी कळतो, असे कोणी म्हणणार नाही. पण खेळातल्या पातळीवरून आपण असेच म्हणत असतो. समुद्रात शिवाय एक गोष्ट वेगळी आहे: येथे दोघांचा साठा एकच. एकाने जास्त उपसला, तर दुसऱ्याच्या जाळ्यात कमी येते, आणि रापणकाराचा आकडा त्याचे कौशल्य तसूभर न घटताही खाली जातो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर घातलेले निर्बंध आणि केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर घातलेली बंदी, या निर्णयांमागे हेच भांडण होते. मत्स्यशास्त्रज्ञ म्हणूनच नुसते टन पाहत नाहीत. किती तास, कोणत्या जाळ्याने, किती शक्तीच्या होडीने मासे धरले याचा हिशेब करून 'दर प्रयत्नामागे पकड' काढतात.

कायद्यालाही कौशल्य वेगळे काढण्याची गरज पडलेली आहे. तत्कालीन मुंबई राज्यात वर्तमानपत्रांतून चालणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९५७ मध्ये न्यायालयाने मुख्यतः कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. पुढे रमी ही प्रामुख्याने कौशल्याची ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावायचे असतील तर बंदी. ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता. न्यायालयांना जे मोजणे अनेक दशके कठीण गेले, ते मधल्या सुट्टीत एका आकड्यात मावेल अशी अपेक्षा करणे कठीणच.

पाने सारखी वाटू या

कुडाळपासून जवळच असलेल्या सावंतवाडीत गंजिफा रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची १२, अशी १२० पाने असतात. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवण्यात या खेळातले कौशल्य आहे. पण हाती पाने कोणती यावीत हे नशीब. येथे पाने हेच साधन. ब्रिज खेळणाऱ्यांनी ही अडचण नामी रीतीने सोडवली आहे. त्यांच्या स्पर्धेत एका टेबलावर वाटलेली पाने जशीच्या तशी दुसऱ्या टेबलावर नेतात आणि तीच पाने घेऊन दुसरे खेळाडू काय करतात ते पाहतात. साधन सारखे झाले, की उरलेला फरक खेळाडूचा. आइसलँडच्या तांडेलांना होड्या अदलून-बदलून खेळायला लावता आले असते, तर तो वाद इतकी वर्षे चालला नसता.

शाळेत हे सहज करता येते, आणि मोबाइलही लागत नाही. दोन कॅरम बोर्ड घ्या. एक नवा गुळगुळीत, दुसरा शाळेच्या कपाटातला जुना. सोंगटी आणि स्ट्रायकर यांच्या जागा खडूने आखून एक ठरावीक फटका निश्चित करा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही बोर्डांवर दहा-दहा फटके मारायचे. समजा, क ने नव्या बोर्डावर ७ आणि जुन्यावर ४ सोंगट्या घातल्या. ख ने नव्यावर ५ आणि जुन्यावर २. कोणत्याही बोर्डावर क हा ख पेक्षा दोनने पुढे आहे. आणि कोणाच्याही हातात नवा बोर्ड जुन्यापेक्षा तीनने पुढे आहे. पण अदलाबदल न करता क ला जुना आणि ख ला नवा बोर्ड दिला असता, तर ४ विरुद्ध ५, आणि ख ला ढाल मिळाली असती.

आठ-दहा विद्यार्थी घेतले तर बरे. निम्म्यांनी आधी नवा आणि निम्म्यांनी आधी जुना बोर्ड घ्यावा, नाहीतर हात बसल्याचा परिणाम बोर्डाच्या खात्यावर जमा होतो. घरी कोणाकडे कॅरम आहे आणि तो किती दिवस खेळतो, हे वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावे. ते तास आणि फटक्यांचे आकडे यांचा आलेख नववीच्या मुलांना काढता येतो. हाच प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करून क्रमवारी किती टिकते तेही पाहावे. बोरिक पावडर केव्हा टाकली, त्याची वेळ नोंदवहीत असावी. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेने बोर्ड तासाभरात जड होतो, आणि मग सकाळच्या तुकडीचे आकडे दुपारच्या तुकडीशी जुळत नाहीत.